बाबांनी दूध सोडले आहे



या पंधरवड्यातील पत्रांपैकी एक पत्र मी मुद्दाम बाजूला ठेवले होते. त्याचे उत्तर दोन ओळींत देण्यासारखे नव्हते. पत्र नागपुरातील एका भगिनीचे आहे. त्यांचे सासरे ७६ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी नातवासाठी खरवस करावा म्हणून चीक आणायला ते शहराबाहेरच्या एका गोठ्यात गेले. तेथे एका म्हशीपुढे मेलेल्या पारडवाच्या कातड्यात पेंढा भरून ते उभे केलेले त्यांनी पाहिले. म्हैस त्याला चाटत होती आणि गवळी दूध काढत होता. बाबा चीक न घेताच परतले. त्या दिवसापासून दूध, दही, ताक, तूप, सारे बंद. चहासुद्धा कोराच.

पत्राचा शेवट असा: "चार महिन्यांत बाबांचे वजन चार किलोंनी उतरले. पायांना मुंग्या येतात असे म्हणतात. मधुमेहाची गोळी चालू आहे. समजावून थकले. आता कणकेत दुधाची पावडर मिसळावी आणि वरणात नकळत तूप सोडावे, असे मनात येते. त्यांच्या भल्यासाठीच ना? यात पाप आहे का?"

भगिनी, आपल्या काळजीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही पहिले उत्तर स्पष्टच देतो. कणकेत पावडर मिसळू नका. वृद्ध माणसाच्या हातून एकेक गोष्ट निसटत जाते. आधी नोकरी जाते, मग वाहन, मग बँकेचे व्यवहार, पुढे जिना चढणेही. आपल्या ताटात काय असावे हे ठरविण्याचा अधिकार फार उशिरापर्यंत त्याच्यापाशी उरतो. तो चोरून काढून घेतला आणि एखाद्या दिवशी ते उघडकीस आले, तर बाबांचा विश्वास केवळ पोळीवरून उडणार नाही. तुमच्या हातून मिळणाऱ्या औषधावरूनही उडेल. ज्या घरी वृद्धाने 'हिने यात काय घातले असेल' अशा शंकेने अन्न चिवडायला सुरुवात केली, त्या घरातील शुश्रूषा किती अवघड होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मग त्यांना तसेच झिजू द्यायचे का? मुळीच नाही. याच पेचातून आपल्या परिचयाचे एक दांपत्य शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गेले होते. त्यांची हकीकत आधी सांगतो.

गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना १९१२ साली दूध सोडले. त्यांचे सहकारी हर्मन कॅलनबाख यांनीही त्यांच्याबरोबर सोडले. संयमाच्या दृष्टीने दूध वर्ज्य करावे हा विचार त्यांच्या मनात आधीपासून घोळत होता. त्यातच कलकत्त्याहून आलेले काही साहित्य त्यांच्या वाचनात आले. गाईम्हशींकडून अधिक दूध मिळावे म्हणून त्यांचे जे हाल केले जात, त्यांचे वर्णन त्यात होते. त्यांतली 'फुंका' नावाची रीत तर वाचवतही नाही. पुढे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमाने ती गुन्हा ठरवली. दूध वाढविण्यासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक इंजेक्शन देणेही त्याच कलमात येते.

सहा वर्षे हा नियम निभावला. १९१८ साली खेडा जिल्ह्यात हिंडत असताना गांधीजींना आमांशाने गाठले. शरीराचा अक्षरशः सांगाडा झाला. १९१९ च्या आरंभी मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांच्यावर एक लहान शस्त्रक्रिया केली आणि स्पष्ट सांगितले की, दूध घेतल्यावाचून हे शरीर भरून येणार नाही. गांधीजी आपल्या व्रताचे कारण सांगू लागले. तेव्हा खाटेशेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या की, मग शेळीच्या दुधाला तुमची हरकत नसावी. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैसच होती, हे त्या जाणून होत्या. गांधीजींनी ते मानले. देशात मोठा लढा उभा राहत होता आणि त्यांना जगायचे होते. परंतु आपण व्रताचे शब्द पाळले आणि आत्मा गमावला, ही टोचणी त्यांनी पुढे आत्मकथेत मोकळेपणाने लिहून ठेवली.

या प्रसंगातील कस्तुरबांचे वागणे मला फार मोलाचे वाटते. पेजेत गुपचूप दूध मिसळणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही. पतीच्या व्रताची मर्यादा नीट समजून घेऊन, डॉक्टरांसमोर, उघडपणे त्यांनी एक वाट सुचविली. निर्णय ज्याचा त्याच्याकडेच राहिला. भगिनी, आपल्यालाही हेच करायचे आहे.

त्यासाठी आधी बाबांचे म्हणणे खरोखर ऐकायला हवे. 'म्हातारपणी हे काय खूळ' असे म्हणून ते बाजूला सारता येणार नाही, कारण त्यांनी जे पाहिले ते खरे आहे. गाय काय, म्हैस काय, व्याल्यावाचून दूध देत नाही. दूध चालू राहावे म्हणून तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवावे लागते. जन्मणाऱ्या वासरांत साधारण निम्मे नर. बैलाने नांगर ओढला तोवर गोऱ्ह्याला घरात मान होता. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली तसा तो मान ओसरला. म्हशीच्या नर पारडवाला तर तितकाही वाली नव्हता. आपल्या विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी सजवून हौसेने मिरवतात, आणि त्याच दिवसांत एखाद्या गोठ्यात खऱ्या गोऱ्ह्याच्या वाट्याला पुरेसे दूधही येत नाही. ही विसंगती एखाद्या वृद्ध मनाला खुपली, तर त्यात नवल नाही.

नाण्याची दुसरी बाजूही बाबांपुढे ठेवायला हरकत नाही. आपल्याकडे पीक वर्षातून एकदा-दोनदा हाती येते आणि पावसाने दगा दिला की तेही जाते. दुधाचे पैसे मात्र ठरलेल्या दिवशी येतात. कित्येक शेतकरी घरांत मुलांच्या शाळेचा आणि किराण्याचा खर्च त्यावरच भागतो. राज्यात गोवंशहत्येवरील बंदी २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही लागू झाली. तेव्हापासून निरुपयोगी ठरलेला बैल आयुष्यभर पोसण्याचा भार त्याच लहान शेतकऱ्यावर आहे. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात वर्ध्याला गोसेवेचे काम हाती घेतले, ते याच जाणिवेने. दूध प्यायचे तर जनावराच्या साऱ्या आयुष्याची जबाबदारी घेतली पाहिजे, हा त्यामागचा विचार. म्हणून दूध पिणारा क्रूर आणि सोडणारा पुण्यवान, अशी सोपी वाटणी करू नये. प्रश्न खरा आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तरे एकाहून अधिक आहेत.

आता आरोग्याकडे वळू. दूध, दही, तूप यांसह प्राणिजन्य असे काहीच न खाणाऱ्याला आजकाल 'व्हीगन' म्हणतात. नातवंडांच्या तोंडी हा शब्द आपण ऐकला असेल. पंचविशीतला तरुण व्हीगन झाला तर त्याचे शरीर बऱ्याच चुका पोटात घालते. पंचाहत्तरीतले शरीर तसे करत नाही. दूध सोडणे वृद्धांनाही शक्य आहे. मात्र दूध जे देत होते, ते दुसरीकडून मोजून आणावे लागते. दूध प्रामुख्याने तीन गोष्टी देत होते.

पहिली, प्रथिने. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. उतारवयात स्नायू झिजतात आणि त्यातून पडण्याचा धोका वाढतो. म्हणून मूत्रपिंडे निरोगी असलेल्या वृद्धाने दिवसाला दर किलो वजनामागे सुमारे एक ग्रॅम प्रथिने घ्यावीत. बाबांचे वजन ६० किलो असेल तर साधारण ६० ग्रॅम. न्याहारीला मुगाच्या डाळीची दोन धिरडी, दुपारी पोळी, भात आणि तुरीचे घट्ट वरण, चार वाजता फुटाण्याच्या पिठाचा लाडू, रात्री ज्वारीची भाकरी आणि पिठले, आणि दिवसातून एक पेला सोयाबीनचे दूध. एवढ्यात हिशेब पंचावन्नच्या आसपास जातो. दात नसले तरी यातले सारे खाता येते. मधुमेहींच्या लाडवात गूळ घालण्याऐवजी तेच पीठ तिखटमीठ लावून कालवावे.

सोयाबीनच्या दुधाची येथे एक गंमत आहे. दुधाला वनस्पतीतून पर्याय सापडावा ही गांधीजींची तळमळ अखेरपर्यंत टिकली. १९३५ च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन खाऊन पाहण्याचे प्रयोग झाले. तेव्हा आपल्याकडे हे पीक जवळजवळ अनोळखी होते. आज त्याच विदर्भातली शिवारेच्या शिवारे सोयाबीनने भरलेली असतात आणि आपल्या स्वयंपाकघरात मात्र ते तेलाखेरीज फारसे येत नाही. घरी दूध करताना सोयाबीन रात्रभर भिजवावे, साले काढून वाटावे, गाळावे आणि चांगले १५ ते २० मिनिटे उकळावे. कच्च्या सोयाबीनमधील काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात, म्हणून उकळण्यात हयगय नको. बाजारातील बदामाच्या दुधात प्रथिने अगदी थोडी असतात. नारळाच्या दुधात संपृक्त स्निग्धांश बराच असतो. पांढरे दिसते म्हणून ते दुधाची जागा घेईलच असे नाही. पाकीट विकत घेताना प्रथिने, कॅल्शियम आणि साखर हे तीन आकडे वाचावेत.

दुसरी गोष्ट, कॅल्शियम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची गरज १२०० पर्यंत जाते. पेलाभर दूध सुमारे २४० देते. नाचणीच्या एका मध्यम भाकरीतून १७० ते १८० मिळतात. दोन चमचे तिळांत शंभराहून थोडे अधिक असते, पण तीळ भाजून कुटून घ्यावेत, अख्खे तसेच बाहेर पडतात. शेवग्याचा पाला उत्तम. पालकातले कॅल्शियम मात्र शरीराला फारसे मिळत नाही. घरच्या सोयाबीनच्या दुधातही कॅल्शियम कमीच असते. एवढे करूनही तूट राहिली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशांवरून रोज चुना खाण्याच्या भरीस पडू नये. कॅल्शियम हाडांत बसण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात वृद्ध मंडळी महिनोन्महिने घरात बसून असतात, त्यामुळे उन्हाच्या गावात राहूनही त्याची कमतरता आढळते. तेही तपासून घ्यावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: ब-१२ जीवनसत्त्व. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधातूनच मिळते. डाळी, भाज्या, फळे यांत ते नसते. आंबवलेले पदार्थ किंवा शेवाळाच्या गोळ्या यांचाही त्यासाठी भरवसा धरता येत नाही. उतारवयात जठरातील आम्ल कमी झाल्याने अन्नातले ब-१२ नीट शोषले जात नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या गोळ्या त्यात आणखी भर घालतात. म्हणजे दूध पिणाऱ्या वृद्धांतही ही कमतरता असते, आणि दूध सुटले की ती झपाट्याने उघडी पडू शकते. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, जीभ लाल होणे, थकवा, विसराळूपणा, चिडचिड ही तिची लक्षणे. यांतले प्रत्येक लक्षण 'वयोमानाप्रमाणे चालायचेच' म्हणून सोडून दिले जाते. उपचार लांबला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते.

ब-१२ वेगळे काढून ओळखता आले ते १९४८ साली, म्हणजे गांधीजी गेले त्याच वर्षी. १९१२ साली दूध सोडणाऱ्याला जे कळण्याची सोय नव्हती, ते आज साध्या रक्ततपासणीने कळते आणि ज्यात प्राणिजन्य काही नाही अशा गोळीने किंवा इंजेक्शनाने भरून काढता येते. दूध सोडणाऱ्या प्रत्येक वृद्धाने ब-१२ घेतलेच पाहिजे. यात पर्याय नाही. मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. ब-१२ न तपासता नुसत्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेऊ नयेत. रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंचे नुकसान आत चालूच राहते.

म्हणून भगिनी, बाबांना या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. मुंग्यांमागे ब-१२ ची कमतरता असेल, मधुमेह असेल किंवा दोन्ही असतील. चार महिन्यांत चार किलो वजन उतरणे ही गोष्ट केवळ दुधाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. रक्तशर्करा, थायरॉईड आणि इतर कारणेही पाहावी लागतील. घरात औषधे चालू असतील तर काही पथ्ये लक्षात ठेवावीत. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत किमान चार तासांचे अंतर हवे. सोयाबीनचे दूधही थायरॉईडच्या गोळीबरोबर घेऊ नये. रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन चालू असेल तर पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. मूत्रपिंडाचा विकार असेल तर वर दिलेले प्रथिनांचे आणि डाळींचे प्रमाण लागू नाही. तेथे डॉक्टर सांगतील तेच खरे.

काहींनी मात्र दूध सोडण्याची घाई करू नये. नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, हाड मोडून अंथरुणाला खिळलेले, आधीच कृश असलेले किंवा द्रव आहारावर असलेले वृद्ध यांनी आधी प्रकृती सावरावी. व्रत थांबते, ते कोठे जात नाही. अशा वेळी बाबांना सुचविता येईल की, ज्याच्या गोठ्यात वासराला पोटभर पिऊ देतात आणि भाकड जनावर विकत नाहीत, अशा ओळखीच्या माणसाकडून दोन पैसे अधिक देऊन थोडे दूध आणू. ते 'हो' म्हणाले तर उत्तम. 'नाही' म्हणाले तर तो त्यांचा निर्णय.

हाच नियम उलट दिशेनेही लागू आहे. काही घरांत मुले किंवा नातवंडे व्हीगन होतात आणि एके दिवशी आजीच्या चहातले दूध बंद होते. आजी काही बोलत नाही, कारण ती त्यांच्यावर अवलंबून असते. हेही योग्य नव्हे. आपले तत्त्व दुसऱ्याच्या कपात ओतण्यापूर्वी त्याला विचारावे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. तेथे त्यांनी आयुष्यभर ज्या श्रद्धेने खाल्ले-प्याले त्याला शक्य तितके धरून राहावे, आणि बदल करणे भाग पडले तर घरातील सर्वांनी डॉक्टरांसह बसून, उघडपणे तो ठरवावा.

शेवटी घरातल्या लहानसहान गोष्टी. नुसता नियम माणसाला एकटे पाडतो, म्हणून बाबांच्या ताटात त्यांच्या आवडीचे काही राहील असे पाहावे. वरणावर तुपाऐवजी जवसाची चटणी आणि कच्चे तेल विदर्भाच्या जिभेला नवे नाही. उन्हाळ्यात मठ्ठ्याऐवजी कैरीचे पन्हे चालेल, गूळ बेताचा घालावा. कोजागिरीला सारे गच्चीवर आटीव दूध घेत असतील तेव्हा त्यांच्यासाठी जायफळ-वेलची घातलेले सोयाबीनचे दूध त्याच भांड्यांच्या रांगेत असावे. नैवेद्याचे पंचामृत हातावर घ्यायचे की नुसता नमस्कार करायचा, हे त्यांचे त्यांनाच ठरवू द्यावे. आणि कोणी वर्ध्याहून गोरसपाक आणला, तर 'तुम्हाला चालत नाही ना' असे चारचौघांत म्हणू नये.

भगिनी, आज संध्याकाळी बाबांजवळ बसा आणि कणकेत पावडर मिसळण्याचा विचार मनात आला होता, हेही त्यांना सांगून टाका. तुमची भीती त्यांना कळू द्या. मग त्या गोठ्यात त्यांनी काय पाहिले ते मधे न बोलता ऐका. बहुधा त्यांनी ते अजून कोणाला नीट सांगितलेलेच नसेल. त्यानंतर म्हणा, "बाबा, दूध तुम्ही सोडले, ते राहू द्या. पण तपासणी, ब-१२ ची गोळी आणि रोजचा वजनकाटा एवढे माझे ऐका." माझा अनुभव असा की, ज्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले आहे असा वृद्ध माणूस इतकी अट सहसा नाकारत नाही.

तपासणीचे काय झाले ते जरूर कळवा. आपल्या पत्राची वाट पाहतो.